नैऋत्येचा कोपरा

राजदीपला माणसांचा राग येत नसे. राग यायला समोरचा निदान आपल्या तोलाचा लागतो, आणि तसा माणूस त्याला अडतीस वर्षांत भेटला नव्हता. समोर येईल त्याला तो मनातल्या मनात मार्क द्यायचा आणि पस्तीसच्या वर सहसा कोणाला जाऊ द्यायचा नाही. धुळ्याला अवधानच्या एमआयडीसीत त्याचं गाड्यांच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप होतं. पाण्याचे टँकर, कुल्फीच्या गाड्या, वरातीचे रथ, सांगाल ते बांधून द्यायचा. वस्तू बनवायला अक्कल लागते आणि वापरायला नुसता खिसा लागतो, म्हणूनच जगात चांगल्या वस्तूंचं वाटोळं होतं, असं त्याचं ठाम मत होतं.

वर्कशॉपमधली माणसंही त्याच माळेतली. विशेषतः निंबा. सात महिन्यांपूर्वी राजदीपचा वेल्डिंगचा डावा हातमोजा हरवला. जाड कातडी, मनगटावर पिवळ्या रंगानं 'रा' लिहिलेला. आपल्या प्रत्येक हत्यारावर तो 'रा' घालायचा, कारण दुसऱ्याच्या हाताचं त्याला चालत नसे. मोजा निंबानंच कुठंतरी टाकला असं त्यानं ठरवून टाकलं, आणि तेव्हापासून त्या दोन लेकरांच्या बापाला 'ए मोजेचोर' अशी हाक मारू लागला. बाकीचे हसायचे. निंबाही हसायचा, कारण नोकरी टिकवायची होती.

त्याच सुमारास वर्कशॉपमधून एक फिरतं घर तयार होऊन बाहेर पडलं होतं. जळगावजवळच्या असोद्याचे केळीचे बागायतदार हितेंद्र नाना यांनी कुठल्यातरी व्हिडिओत गोरं म्हातारा-म्हातारीचं जोडपं असल्या घरातून फिरताना बघितलं आणि ते त्यांच्या डोक्यात भरलं. जीपच्या मागं ओढत न्यायचा डबा, आत पलंग, ओटा, फ्रिज आणि कमोड. कमोडखाली स्टीलची टाकी. घाण टाकीत साठवायची, भरत आली की खालचा व्हॉल्व्ह उघडून एकदम खड्ड्यात सोडायची. नानांनी आणल्यापासून तो डबा एक इंच फिरवला नव्हता. केळीच्या बागेत उभा करून 'बागेतला मुक्काम' म्हणून नाशिक-पुण्याच्या लोकांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. चाकं लावून दिलेल्या वस्तूचं बिऱ्हाड केलं, तेव्हाच राजदीपनं नानांना पस्तीसवरून वीसवर आणलं होतं.

आणि आता नानांचा व्हिडिओ आला होता. खान्देशातल्या कृषी पर्यटनवाल्यांच्या ग्रुपवर त्यांनी तो टाकला, आणि राजदीपही त्या ग्रुपवर होता. नाशिकचं कुटुंब तोंडाला रुमाल लावून डब्यातून बाहेर पळतंय, मागून नानांचा आवाज, "टाकी तुंबली, टाकीत डिफेक्ट आहे," आणि शेवटी कॅमेरा सावकाश मागच्या दाराखालच्या पत्र्यावर जाऊन थांबतो. पत्र्यावर लिहिलेलं, 'राजदीप बॉडी बिल्डर्स, धुळे'. त्या ग्रुपवरच्या पाच जणांनी असेच डबे सांगितले होते. रविवारी पाचही जण नानांकडं भरीत खायला आणि डबा बघायला येणार होते. पाच डबे म्हणजे राजदीपचं पुढचं सगळं वर्ष. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याचं नाव. त्या नावावर तो जगाला तुच्छ लेखत होता.

शनिवारी सकाळीच तो निघाला. पारोळा, एरंडोल, जळगाव, असोदा. वाटेत दोन तास तो एकच गोष्ट स्वतःला सांगत होता, की टाकी आपण केली आहे, तिचा आतला शेवटचा जोड आपण स्वतः मारला आहे, दुसऱ्या कोणाला हात लावू दिलेला नाही. म्हणजे चूक वापरणाऱ्याचीच असणार.

नाना बागेच्या तोंडाशीच उभे होते. पांढरे कपडे, पायात रनिंगचे बूट, गळ्यात साखळी.

"या राजदीपभाऊ. बघा आता तुम्हीच. पोरांना सांगितलं, कोणी हात लावू नका, धुळ्याहून माणूस येतोय. तुम्हा लोकांना सवय असते ना याची."

राजदीप गाडीचं दार लावता लावता थांबला.

"म्हणजे फिटर लोकांना," नाना म्हणाले.

राजदीपच्या आज्यानं धम्म घेतला त्या वर्षी गावकीची सगळी कामं एका दिवसात सोडली होती. मेलेली जनावरं ओढणं बंद, लोकांनी टाकलेलं उचलणं बंद. गावानं सहा महिने त्या घराशी बोलणं टाकलं होतं. आजा मरताना सांगून गेला की आपल्या घरातल्या कोणी लोकांची घाण उचलायची नाही. राजदीपनं ते वाक्य जपून ठेवलं होतं. नानांचं 'तुम्हा लोकांना' कुठून आलं हे त्याला बरोबर कळलं, आणि नाना दहावर आले.

"मी टाकी तपासीन," तो म्हणाला. "घाणीत हात घालणार नाही."

"तुम्ही कशाला घालाल? माणसं आहेत की."

डबा बघितल्याबरोबर राजदीपला हसू आलं. तोंड उत्तरेला, आणि मागचा डावा कोपरा जॅकखाली विटा घालून चांगला वीतभर उचललेला. विटांना हळदीकुंकू लावलेलं.

"हे काय?"

"नैऋत्येचा कोपरा," नाना अभिमानानं म्हणाले. "जळगावचे वास्तुवाले आले होते. म्हणाले, संडास नैऋत्येला हा दोषच आहे. पण निदान तो कोपरा उंच ठेवा, दोष कटतो."

"नाना, टाकीचं तोंड त्याच कोपऱ्यात आहे."

"हो ना, म्हणून तर उंच केला."

"पाणी उंचाकडं वाहतं का?"

नाना विटांकडं बघत राहिले. तीस एकर केळीला बाप-आज्यापासून पाणी देणारा माणूस. उतार कुठं, चढ कुठं हे त्याच्या बैलालाही कळायचं, पण संडासाचा प्रश्न आला आणि सगळं शहाणपण वास्तुवाल्याच्या पायाशी ठेवून मोकळा झाला. राजदीप खाली बसला, जॅक फिरवला आणि हळदीकुंकवाच्या विटा एकेक करून बाजूला फेकल्या. चौथी वीट नानांनी उचलून कपाळाला लावली.

मग तो शिडीनं टपावर चढला. टाकीतली हवा निघून जायला एक उभा पाइप टपाच्या वर काढलेला असतो. हवा वरून आत आली नाही तर खालून घाण बाहेर पडत नाही. बाटली उपडी केली की पाणी गचके देत येतं, तसं होतं. त्या पाइपाच्या तोंडावर लाल फडक्यात बांधलेला नारळ घट्ट ठोकून बसवला होता.

"पूजेचा आहे," खालून नानांची बायको ज्योती म्हणाली. "गुरुजी म्हणाले, सगळ्यात उंच जागी बांधा."

राजदीपनं नारळ उपटला. आतून असा वास आला, की तो टपावरच पाठ फिरवून बसला. ज्योतीताईंनी नारळ दोन्ही हातांत झेलला, क्षणभर विचार केला आणि जमिनीवर ठेवून दिला.

खाली व्हॉल्व्ह. तो सताड उघडा होता, आणि नुसता उघडा नाही, तर बंद होऊ नये म्हणून त्याची दांडी तारेनं बांधून टाकली होती.

"मी सांगितलं होतं, बंद ठेवायचा. टाकी पाऊण भरली की एकदम उघडायचा."

"घाण घरात साठवून कोण ठेवतं हो?" नाना चिडले. "जेवणारी माणसं वर, आणि खाली पंधरा दिवसांची घाण? आमच्यात चालत नाही. आली तशी गेली पाहिजे."

"आली तशी पाणी तेवढं गेलं. बाकीचं बसलं खाली. तुम्ही बागेला पाटानं पाणी देत होता ना पूर्वी? बारीक धार सोडली तर शेवटच्या झाडापर्यंत जायची का? की अडवून, भरून, एकदम सोडायचात?"

"ते पाणी, आणि हे..."

"उतार दोघांनाही एकच लागतो, नाना."

कमोडला येणारी पाण्याची नळी बघितली तेव्हा राजदीपनं मार्क द्यायचंच बंद केलं. त्यानं बसवलेली इंची नळी काढून नानांनी तिथं ठिबकची बारीक नळी लावली होती. पाण्याची बचत म्हणे. विहिरीला बाराही महिने पाणी, आणि कमोडला ठिबक. केळीच्या मुळाशी थेंब थेंब पाणी देऊन नाव काढलेल्या जिल्ह्यानं संडासही थेंबावर चालवायला घेतला, हे तो धुळ्याला जाऊन सगळ्यांना सांगणार होता.

एवढ्यात डब्याच्या दारातून काठी टेकत एक म्हातारी बाहेर आली. नानांची आई भिकुबाई. शहात्तर वर्षांची, गुडघे गेलेले. घरातला संडास खाली बसायचा. तिथं बसली की दोघींनी उचलावी लागायची, म्हणून डबा येईपर्यंत ती केळीच्या बागेतच जायची. डब्यात पाहुणे नसले की ती डब्यातल्या कमोडवर जायची, आणि त्यासाठी किल्ली पदराला बांधून फिरायची. हातात तिच्या एक डालडाचा जुना डबा होता, राखेनं भरलेला.

"राख कशाला आजी?" राजदीपनं विचारलं.

"वास येऊ नये म्हणून टाकते बापा, मूठभर. माह्या मायनं टाकली, सासूनं टाकली. राख पडली का माशी बसत नाही."

"दर वेळी?"

"दर वेळी. भरीताच्या काड्यांची राख ढीगभर पडेल आहे. तिचं दुसरं काय करू?"

झालं. राजदीपनं नानांकडं असं बघितलं, जसा मास्तर शेवटच्या बाकावरच्या पोराच्या बापाकडं बघतो. कपाशीच्या काड्या जाळून वांगी भाजायची, भरीत खायचं, आणि राख टाकीत. पाणी नाही, उतार नाही, हवा नाही, वर राखेचा थर. सिमेंटचा कोबा याहून वेगळा कसा करतात?

"माय! तुले कितीक डाव सांगितलं!" नानांची शहरी भाषा एका क्षणात उतरली. "भिकारडी राख टाकून लाखाचा डबा नासवला तू!"

"मले कोणी सांगितलं नाही," म्हातारी म्हणाली.

खरं तर कोणीच सांगितलं नव्हतं. पण राजदीपला ते सोयीचं होतं. राख हे कारण सगळ्यांना समजण्यासारखं होतं, ग्रुपवर लिहिण्यासारखं होतं, आणि त्याच्या टाकीला त्यात काडीचा दोष नव्हता.

त्यानं तार तोडून व्हॉल्व्ह बंद केला, मोटरीचा पाइप वरून आत सोडला आणि टाकी पाण्यानं भरली. चहा झाला. तासभर भिजू दिलं. डब्याच्या खाली लेव्हल लावून उतार बघितला, पक्का होता. मग सगळ्यांना मागं सरायला सांगून त्यानं ऐटीत व्हॉल्व्ह ओढला.

करंगळीएवढी धार आली. तीही थांबत थांबत.

नानांनी घसा खाकरला. राजदीपनं टाकीच्या वरच्या कडेला सफाईसाठी ठेवलेलं सहा इंची झाकण उघडलं आणि स्प्रिंगची सळई आत घालून तोंडापर्यंत नेली. राखेचा थर असता तर सळई ठक्कन आपटली असती. ती आपटली नाही. कशात तरी मऊ रुतली आणि मागं आली. पुन्हा घातली, पुन्हा तसंच.  राख मऊ नसते हे त्याला माहीत होतं, पण ते त्यानं तिथंच दाबून टाकलं.

"आतून ओढून काढावं लागेल," तो म्हणाला. "माझं प्रेशरचं मशीन धुळ्याला आहे. सोमवारी घेऊन येतो."

"सोमवारी? उद्या पाच जण येतायत!" नाना ओरडले. "उखा! ए उखा! इकडं ये."

केळीच्या ओळींतून एक माणूस आला. पन्नाशीचा, काटक, सातपुड्याच्या पायथ्याचा. चोपड्याच्याही वर त्याचं गाव. चार महिने पावसावरची शेती, बाकीचे महिने नानांच्या बागेची राखण.

"हात घाल त्यात. जे असेल ते ओढून काढ."

उखानं झाकणाकडं बघितलं, मग नानांकडं, मग राजदीपकडं. कदाचित हा शिकलेला, हत्यारं घेऊन आलेला माणूस काही बोलेल असं त्याला वाटलं असेल.

राजदीपच्या गाडीत खांद्यापर्यंत येणारे रबरी मोजे होते. कोरे. त्याच्या जिभेवर आलंही होतं, की थांब, मोजे देतो. पण मोजे काढले असते तर नाना म्हणाले असते, मोजे आहेत तर तुम्हीच घाला ना हात. म्हणून तो गप्प बसला. त्याच्या घरात कोणी लोकांची घाण उचलायची नव्हती. दुसऱ्याच्या घरातल्यानं उचलली तर काय करायचं हे आज्यानं सांगितलं नव्हतं. उलट त्यानं मनात उखालाच नावं ठेवली. करणारे मिळतात म्हणून करवणारे माजतात, असं काहीतरी त्याला सुचलं आणि ते त्याला फार बरोबर वाटलं.

उखानं खताच्या गोणीतलं प्लास्टिक दंडाला गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि आडवा पडून हात आत घातला. तोंड दुसरीकडं फिरवून तो चाचपत राहिला.

"दगड नही शे," तो म्हणाला. "मऊ लागस. कपडासारखं काहीतरी शे."

"ओढ ओढ," नाना लांबून म्हणाले.

त्यानं ओढलं. आत गदगदल्यासारखा आवाज झाला आणि व्हॉल्व्हमधून सगळं एकदम सुटलं, काळं, दाट, खड्ड्याच्या काठापर्यंत उसळत गेलं. नाना, ज्योतीताई, दोन गडी, सगळे नाक धरून विहिरीकडं पळाले. म्हातारी तेवढी बसल्या जागी बसून राहिली, तिला पळता येत नव्हतं.

उखाच्या मुठीत काहीतरी लोंबत होतं. त्यानं ते मोटरीच्या धारेखाली धरलं. जाड कातडी, पाच बोटं. मनगटावर पिवळा 'रा'.

राजदीपनं ते बघितलं आणि त्याला सगळं एका दमात आठवलं. आतला जोड मारताना घाम आला म्हणून त्यानं डाव्या हाताचा मोजा काढून टाकीतच ठेवला होता. वरून पत्रा बसवून टाकी बंद केली. पाणी भरून टाकी तपासली तेव्हा मोजा कोपऱ्याला कुठंतरी चिकटून राहिला असणार, म्हणून पाणी भसाभस गेलं. मग महिन्या-दोन महिन्यांत तो सरकत सरकत तोंडाशी येऊन बसला. राख, ठिबक, नारळ, विटा, सगळं खरं होतं. पण ते सगळं मोज्याच्या मागं साठलं होतं.

उखा त्याच्याकडं बघत होता. राजदीपनं मान किंचित हलवली, नको अशी. उखानं मोजा पाठीमागं गवतात टाकला.

"निघालं का?" नाना परत आले. "काय होतं?"

"राख," राजदीप म्हणाला. "गोळा झाला होता. तळाशी अजून थर आहे थोडा, तो हातानं खरवडावा लागेल."

"उखा करेल दुपारी." नानांचा चेहरा फुलला होता. ते मागं वळले. "बघितलंस माय? तुझी राख! धुळ्याच्या माणसासमोर अब्रू काढली माझी. दे ती किल्ली. आता पाय ठेवायचा नाही डब्यात."

"मग मी जाऊ कुठं?" भिकुबाईनं विचारलं.

"पूर्वी जायची तिथं."

म्हातारीनं पदराची गाठ सोडायला घेतली. बोटं वाकडी होती, गाठ सुटेना. नानांनी हिसडा देऊन ती सोडवली आणि किल्ली खिशात टाकली. मग तिथंच उभ्या उभ्या मोबाईल काढून त्यांनी ग्रुपवर लिहिलं, आणि राजदीपच्या खिशात मोबाईल वाजला. 'टाकी एक नंबर. डिफेक्ट नाही. आमच्या मातोश्रींनी राख टाकल्याने चोक झाली होती. उद्या सर्वांनी यावे.' खाली एकामागून एक अंगठे पडायला लागले. कोणीतरी हसणारं तोंड टाकलं आणि लिहिलं, 'म्हाताऱ्या माणसांना डबा देऊच नये.'

राजदीपनं हत्यारं गोळा केली. नाव वाचलं होतं, आलेलं काम झालं होतं. गाडीत बसून चावी लावणार, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. उखा होता. अंग धुऊन आला होता, केस ओले होते. हातात केळीच्या पानाचा तुकडा, आणि पानावर मोजा. स्वच्छ धुतलेला.

"हाऊ तुमना शे ना, भाऊ? साबण लाईसनी धुई टाकेल शे."

"खड्डामाच राहू देवाना व्हता," राजदीप म्हणाला. घरची बोली त्याच्या तोंडून आपोआप आली.

"कातडाना शे, चांगला शे. मी ठी लेतू, पण तेनावर तुमनं नाव शे. दुसराना नावनी वस्तू मी काय करू?" उखानं पान मांडीवर ठेवलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग त्या मायले कसाले बोलू दिधं?"

म्हातारीला नानांची बोलणी कशाला खाऊ दिली, एवढंच त्याला विचारायचं होतं. उखा उत्तरासाठी थांबला नाही. त्याला दुपारी टाकी खरवडायची होती, त्याआधी भाकरी खायची होती.

समोर, केळीच्या ओळींतून भिकुबाई चालली होती. एका हातात काठी, एका हातात टमरेल. चार पावलं टाकायची, खोडाला धरून थांबायची, पुन्हा चार पावलं. नांगरटीच्या ढेकळात काठी रुतली की ती टमरेल खाली ठेवायची आणि दोन्ही हातांनी काठी उपटायची. राजदीप बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मार्क द्यायला एक माणूस असा सापडला, की ज्याच्यापुढं आकडा टाकायचीच लाज वाटावी, आणि तो माणूस त्याच्याच गाडीत, स्टिअरिंगमागं बसला होता.

तो उतरला. ओसरीवर नाना चहा घेत होते. राजदीपनं मोजा त्यांच्या कपाशेजारी ठेवला.

"राख आजीची होती. बोळा माझा होता. हा टाकीत मी विसरलो होतो. हा नसता, तर राख कधीच वाहून गेली असती."

नानांनी मोजा बघितला, 'रा' बघितला, आणि हसले. "जाऊ द्या हो. मी टाकून दिलं ग्रुपवर. तुमचंही नाव राहिलं, माझाही डबा राहिला. आईला काय फरक पडतो?"

"मला पडतो."

राजदीपनं स्वतःचा मोबाईल काढला, मोज्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर लिहिलं, 'टाकीत माझा वेल्डिंगचा मोजा राहिला होता. चूक माझी. आजींची नाही. राजदीप, धुळे.' एकदा वाचलं आणि पाठवलं.  मग त्या पाचांतल्या जामनेरच्या माणसानं विचारलं, 'म्हणजे आमच्या टाक्यांत पण मोजे येणार का?' त्याखाली एकामागून एक हसरी तोंडं आली. त्या पाचांतले किती डबे आता राहतील, हे राजदीपला त्या तोंडांवरूनच कळलं. धुळ्याला निंबाही तो फोटो बघणार होता, आणि निंबाला 'रा' वाचता येत होतं.

"किल्ली द्या आजींची."

नानांनी किल्ली टेबलावर टाकली. त्यांचा चेहरा बदलला होता. आता तेही तोलणाऱ्या नजरेनं राजदीपकडं बघत होते, आणि ती नजर राजदीपच्या ओळखीची होती.

"उख्यानं हात घातला म्हणून सापडला, राजदीपभाऊ," ते म्हणाले. "तुम्ही घातला असता, तर आम्हाला कळलं तरी असतं का?"

 किल्ली घेऊन राजदीप केळीच्या ओळींत गेला, म्हातारीच्या हातातलं टमरेल घेतलं आणि तिला धरून डब्यापर्यंत आणलं.  त्यानं दार उघडून दिलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "राख नको टाकू ना आता?"

"पाणी टाका आजी. नळी मी मोठी बसवून देतो."

ती बाहेर येईपर्यंत तो उन्हात उभा राहिला. मग गाडीकडं जाऊन त्यानं रबरी मोजे काढले. उखा भाकरी आवरून फावड्याचा तुकडा आणि ते गोणीचं प्लास्टिक घेऊन डब्याकडं येत होता.

"राहू दे, उखा. मी करस."

उखानं त्याच्याकडं बघितलं आणि फावड्याचा तुकडा त्याच्या हातात दिला. ओसरीवरून नानांचा आवाज आला, "घातलाच की शेवटी हात!" आणि गडी हसले.

राजदीपला वाटलं होतं, या हसण्यानं आजा आठवेल. आठवला, पण वेगळाच. आज्यानं लोकांची घाण उचलायची सोडली होती. ही राजदीपची स्वतःची होती. त्यानं खाली बसून झाकण उघडलं आणि हात खांद्यापर्यंत आत घातला.